रवण

ऑक्टोबरात ह्यूऑनच्या काठाला सफरचंदं फुलतात
आणि थेल्माच्या खुराड्यात कुणीतरी खुडूक होते.
बहुतेक वेळा सिल्कीच.
ती कशावरही बसते.
गोल्फच्या चेंडूवर, दाराच्या तुटलेल्या मुठीवर,
एकदा तर आठवडाभर एका बटाट्यावर,
डोळे अर्धे मिटून,
सशाच्या कातड्यात कुणी शिवून टाकल्यासारखी.
खाली हात घातला तर टोचत नाही,
चुलीवरच्या जुन्या किटलीसारखी नुसती कुरकुरते.

लेगहॉर्नचं तसं नाही.
रोज एक अंडं, चुन्यासारखं पांढरं,
टाकलं की पंख झटकून चालू पडायचं.
मी तिला निर्दयी म्हणाले, तेव्हा आठ वर्षांची होते.
थेल्मा म्हणाली, तिला नावं ठेवू नकोस.
तिच्या रक्तातलं बसणं माणसांनी काढून घेतलंय,
पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून,
तुझ्या-माझ्या न्याहारीसाठी.

ऑर्पिंग्टन स्वभावाने लोणी,
वजनाने गोणी.
एका पहाटे मायेनंच दोन पिल्लं चिरडली तिनं
आणि उरलेल्या सातांना
नवांच्या हाका मारत फिरली.

आणि ती तांबडी, झुंजीच्या जातीची.
तिच्याजवळ मी दोन वर्षं
बादली ढालीसारखी धरून गेले.
पांढरा ससाणा उतरला त्या दुपारी
बारा पिल्लं तिच्या पोटाखाली होती
आणि ती ससाण्याच्या अंगावर.
नंतर एकाच डोळ्यानं मोजायची,
मोजणी कधी चुकली नाही.
पण परकं पिल्लू जवळ आलं तर डोक्यात टोच.
एकच.
आईपण असंही असतं,
हे मला कुणी समजावून सांगितलं नाही,
मी फक्त ते पिल्लू पुरलं,
पिअरच्या झाडामागे.

परकी पिल्लं द्यायची तर रात्री, आणि सिल्कीलाच.
टॉर्चवर लाल कागद बांधायचा,
हात आधी काखेत ऊन करून घ्यायचे,
एकेक पिल्लू पंखाखाली सरकवायचं,
तितकीच अंडी काढून घ्यायची,
बोलायचं नाही.
उजाडेपर्यंत तिला त्यांची चिवचिव ओळखीची होते.
उजाडल्यावर ती विचारत नाही.

मलाही रात्रीच आणलं होतं.
बालकल्याण खात्याची गाडी, मागच्या सीटवर मी,
मांडीवर दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर.
थेल्मानं अंगणातला दिवा लावला नाही.
मिठी वगैरे त्या घरात पद्धत नव्हती.
माझी पिशवी घेतली,
मग माझा हात.
तिचे ऊन होते.

खुडूक मोडायची असेल
तर तळाला जाळी असलेला पिंजरा लागतो.
खाली गवत नाही, मऊ काही नाही.
पोटाला गार वारा लागला पाहिजे,
तीन दिवस, कधी चार.
मग ती विसरते, असं म्हणतात.

माझ्यानंतर रोरी आला, आणि त्याची बहीण एल्स्पेथ.
अकरा महिन्यांनी खात्यानं त्यांना परत नेलं,
त्यांच्याच आईकडे. ते बरोबरच होतं,
थेल्मानं तसं सहीच्या वेळी सांगितलंही.
त्या संध्याकाळी ती
सफरचंदं भरायच्या शेडच्या सिमेंटच्या पायरीवर जाऊन बसली.
नदीवरून वारा येत होता.
मी उशी नेली. घेतली नाही.
दुसऱ्या संध्याकाळी तिथेच.
तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी उठली, दाणे टाकले,
लेगहॉर्नचं अंडं तव्यावर फोडलं,
माझ्या ताटात जास्तीचं मीठ पडलं.

आता तिच्या टॉर्चचा लाल कागद मी बदलते.
ती खुर्चीत असते, ऐकू कमी येतं.
तरीही रात्री कधी फाटकाशी गाडी थांबली,
शेजारचा डेस्मंड वाट चुकून आला असला तरी,
तिचे दोन्ही तळवे
शालीखाली एकमेकांवर घासू लागतात.